सगळ्या संसाराची आर्थिक आखणी : करावी का, आणि विकत घ्यावी का?

(सदर : जमाखर्च)



गेल्या अंकात आम्ही एन.आर.ई. आणि एन.आर.ओ. खात्यांतला फरक सांगितला होता. त्यावर बऱ्याच वाचकांच्या चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या निम्म्यांत एकच प्रश्न निघाला. "बँकेतला माणूस म्हणतो, तुमच्या सगळ्या संसाराची आर्थिक आखणी करून देतो. विमा, मुलांचे शिक्षण, गावाकडचे घर, म्हातारपण, सगळे एकत्र. करून घेण्यात अर्थ आहे का?" एका ताईंनी वेगळेच लिहिले आहे : "आमच्याकडे काय कुठे आहे ते फक्त ह्यांनाच माहीत. मी विचारले की म्हणतात, आहे सगळे व्यवस्थित."

दोन्ही चिठ्ठ्यांचे उत्तर एकाच लेखात देता येईल असे आम्हाला वाटते. थोडक्यात सांगायचे तर, सगळ्या संसाराची एकत्र आखणी आपल्यासारख्यांनी जरूर करावी. पण ती विकत घेण्याची गरज बहुतेकांना नाही, आणि फुकट मिळत असेल तर दुप्पट सावध राहावे. असे का, ते आता बघू.

आधी आपली परिस्थिती. हमरिया फ्री झोन १९९५ साली शारजाच्या शासकांच्या फर्मानाने सुरू झाला. आज आपल्यापैकी कोणी तिथे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आहेत, कोणी तेलाच्या टाक्यांपाशी, कोणी गोदामात, कोणी ऑफिसात. कुटुंब घेऊन राहणारे बहुतेक जण अजमान किंवा शारजात राहतात आणि सकाळी बसने येतात. कंपनीला इथे जागेचा करार २५ वर्षांचा मिळू शकतो. आपला व्हिसा मात्र दर दोन वर्षांनी नवा होतो. आणि त्या एका व्हिसाला पगार, घराचा करार, मुलांची शाळा, औषधपाण्याचा विमा, सगळे लटकलेले असते. गावाकडे नोकरी गेली तर पगार जातो, घर आणि शाळा राहते. इथे एकच खुंटी आहे. ती निघाली की टांगलेले सगळे एकदम खाली येते.

म्हणून सुटे सुटे घेतलेले निर्णय चांगले असले तरी पुरत नाहीत. हे उदाहरणानेच पाहू. कुटुंब काल्पनिक आहे, पण आकडे आपल्या ओळखीचेच वाटतील.

नवरा-बायको, दोन मुले. हमरियात १२ वर्षे नोकरी. पगार ८,००० दिरहम, त्यात बेसिक ४,०००. घरभाडे आणि लाईट २,३००, शाळा आणि बस १,४००, किराणा-फोन-औषधे १,६००. बहिणीच्या लग्नासाठी इथल्या बँकेतून कर्ज काढले, त्याचा हप्ता १,१००. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता २३,००० रुपये, म्हणजे २३ रुपयांच्या भावाने १,००० दिरहम. एकूण खर्च ७,४००, शिल्लक ६००. यांतला कुठलाही खर्च उधळपट्टीचा नाही. बहिणीचे लग्न करायलाच हवे होते, फ्लॅटही कधीतरी घ्यायचाच होता. आणि अडीअडचणीला "ग्रॅच्युइटी आहेच की" असे दोघेही धरून चालले आहेत.

आता ही ग्रॅच्युइटी मोजू. इथल्या कामगार कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दर वर्षी ३० दिवसांचा पगार मिळतो. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त होत नाही. हा पगार म्हणजे बेसिक, हातात येणारा सगळा नव्हे. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या सात वर्षांचे २१०, एकूण ३१५ दिवस. बेसिक ४,००० म्हणजे ३१५ दिवसांचे ४२,००० दिरहम. रुपयांत ९ लाख ६६ हजार. ऐकायला बरे वाटते.

पण बँकेच्या कर्जाचे अजून तीन वर्षांचे हप्ते आहेत, म्हणजे ३५,००० च्या आसपास देणे. नोकरी सुटली की शेवटचा हिशोब बहुधा पगाराच्याच खात्यात जमा होतो आणि कर्ज देणारी बँक त्यावर आधी हात ठेवते. उरले ७,०००. त्यात नोकरी गेल्याच्या विम्याचे पैसे मिळवू. ही योजना १ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. बेसिक १६,००० पर्यंत असेल तर हप्ता महिना ५ दिरहम. त्यातून बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. आधी सलग १२ महिने हप्ते भरलेले असावे लागतात, आणि स्वतः राजीनामा दिला तर काही मिळत नाही. आपल्या कुटुंबाला महिना २,४०० प्रमाणे ७,२०० मिळतील. एकूण १४,२००.

कर्ज फिटले, तेव्हा त्याचा हप्ता वजा करू. तरी महिन्याचा खर्च ६,३०० उरतो. १४,२०० दिरहम म्हणजे जेमतेम सव्वादोन महिने. बारा वर्षांच्या नोकरीनंतर सव्वादोन महिने. त्यात भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक घरमालकाकडे दिलेले आणि मुलांचे शाळेचे वर्ष अर्ध्यावर.

हे कोणत्याही एका कागदावर दिसत नव्हते. फ्लॅटच्या कागदावर फ्लॅट दिसतो, कर्जाच्या कागदावर कर्ज. पाचही कागद एका टेबलावर ठेवून नोकरी नसेल तर काय, असे विचारले तेव्हा दिसले. एकत्र आखणीचा खरा उपयोग हा आहे. परतावा दोन टक्क्यांनी वाढेल न वाढेल, पण कुठे भेग आहे ते भिंत पडायच्या आधी कळते.

काही मंडळी म्हणतील, आखणी करून काय होणार, होणारे टळत नाही. खरे आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथल्या आपल्या लोकांनी कसली आखणी करायची होती? १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. आयुष्यभराची कमाई तिथल्या बँकेत अडकून पडलेले कितीतरी होते. २००८-०९ ची दुबईतील मंदी आणि २०२० चा कोरोना तर आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिला. ७ मे २०२० ला 'वंदे भारत' मोहिमेतली पहिली विमाने अबू धाबी आणि दुबईहूनच निघाली होती.

पण यातून 'सगळे पैसे गावाकडे पाठवा म्हणजे झाले' असाही अर्थ कोणी काढू नये. पुण्याच्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. तेव्हा ठेवींचा विमा १ लाखापर्यंतच होता, फेब्रुवारी २०२० पासून तो दर बँकेत दर ठेवीदारास ५ लाखांपर्यंत झाला. 'व्याज अर्धा टक्का जास्त' म्हणून आईवडिलांच्या ओळखीच्या एकाच बँकेत सगळी ठेव ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आखणीने संकट टळत नाही. संकट आले तेव्हा सगळे अंडे एकाच टोपलीत नव्हते आणि हाताशी काही रोकड होती, एवढेच तिने साधते. तेवढे पुष्कळ आहे.

आता विकत घेण्याचा प्रश्न. आखणी करून देणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. पहिला, फुकट करून देणारा. त्याचे घर आपल्याला विकलेल्या पॉलिसीच्या दलालीवर चालते. त्यात वाईट काही नाही, पण त्याच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर एखादी पॉलिसी असणारच हे गृहीत धरा. आखातात वर्षानुवर्षे २५ वर्षांच्या बचत योजना अशाच विकल्या गेल्या. त्यांत पहिल्या दीड-दोन वर्षांचे बरेचसे हप्ते खर्चात आणि दलालीत जात, आणि मध्येच सोडले तर हाती फार थोडे येई. २०२० साली इथे नवे नियम लागू होऊन दलालीवर मर्यादा आली. तरी मूळ प्रश्न राहतोच. दोन वर्षांच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाने २५ वर्षांचा हप्ता बांधून घ्यावा का? आमच्या मते, नाही.

दुसरा, बँकेतला. तो पगारी नोकर आहे आणि त्याला महिन्याचे टार्गेट आहे. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या शाखेत असेल.

तिसरा, फी घेऊन सल्ला देणारा. भारतात सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले. त्याप्रमाणे नोंदणी झालेला सल्लागार आपल्याकडून फी घेतो आणि आपल्याला सुचवलेल्या गोष्टींवर दलाली घेऊ शकत नाही. त्याचे नाव सेबीच्या यादीत असते, ते पाहूनच पुढे जावे. पैसे द्यायचेच तर अशा माणसाला द्यावेत. पण ज्याची शिल्लक सगळी मिळून पाच-सात लाख रुपये आहे, त्याने जाडजूड अहवालासाठी फी भरू नये. तेवढ्या पैशात इथल्या कर्जाचे दोन-तीन हप्ते आधी फिटतील. क्रेडिट कार्डाचे देणे थकले असेल तर त्यावर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. ते फेडण्याइतकी चांगली गुंतवणूक कोणताही सल्लागार शोधून देणार नाही.

मग घरच्या घरी काय करावे? एका सुट्टीच्या संध्याकाळी दोघांनी मिळून चार कागद लिहावेत. दोघांनी, हे महत्त्वाचे.

पहिला कागद : काय कुठे आहे. प्रत्येक खाते, ठेव, पॉलिसी, सोने, फ्लॅट, आणि प्रत्येक देणे. समोर बँकेचे नाव, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण. इथे येण्याआधीचे गावचे साधे बचत खाते तसेच चालू असेल तर ते एन.आर.ओ. करून घ्यावे. पी.पी.एफ. आधीचे असेल तर मुदत संपेपर्यंत चालवता येते, नवे उघडता येत नाही.

दुसरा कागद : पगार उद्या थांबला तर. वर आम्ही केला तसा हिशोब आपल्या आकड्यांनी करावा. उत्तर सहा महिन्यांपेक्षा कमी आले तर दुसरा फ्लॅट, नवी पॉलिसी, मोठी गाडी हे सगळे बाजूला ठेवून आधी ही गंगाजळी भरावी. 'आधी शिदोरी, मग जेजुरी' म्हणतात ते याचसाठी. कर्ज बुडवून विमानात बसण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये. भारताने १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने इथल्या न्यायालयांचे दिवाणी निकाल भारतात वसुलीसाठी ग्राह्य धरले आहेत. देणे आपल्या मागोमाग सांगली-साताऱ्यापर्यंत येऊ शकते.

तिसरा कागद : कमावणारे माणूसच राहिले नाही तर. विषय कोणाला आवडत नाही, म्हणून तो टळतो. बँकेला मृत्यूची खबर गेली की इथले खाते गोठवले जाते आणि कोर्टाचा कागद येईपर्यंत पैसे निघत नाहीत. तेव्हा बायकोचे स्वतःच्या नावाचे खाते आणि त्यात निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च असलाच पाहिजे. मृत्युपत्र नसेल तर १ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या कायद्याप्रमाणे बिगर मुस्लिम परदेशी माणसाची इथली मालमत्ता निम्मी जोडीदाराला आणि निम्मी मुलांना समान जाते. मायदेशाचा कायदा लावा असे वारसांना मागता येते. आपल्यातील कोकणी मुस्लिम कुटुंबांना शरियतचे वाटे लागू होतात. भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळे मृत्युपत्र करावे. नॉमिनी म्हणजे मालक असे नाही, बँकेच्या बाबतीत तो फक्त पैसे स्वीकारणारा असतो. आयुर्विमा घ्यायचा तर साधा मुदतीचा टर्म विमा घ्यावा. बचत आणि विमा एकत्र केले की दोन्ही अपुरे राहतात असे आमचे मत आहे. कामगार म्हणून ई.सी.आर. पासपोर्टवर आलेल्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. तिचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये असून अपघाती मृत्यूला १० लाखांचे संरक्षण आहे. तिचा कागद कुठे आहे तेही पहिल्या कागदावर लिहावे.

चौथा कागद : परत कधी जायचे. नक्की तारीख कोणालाच सांगता येत नाही, पण वर्ष लिहावे, कारण बाकीची गणिते त्यावर बसतात. आज गावाकडे महिना ४०,००० रुपयांत घर चालत असेल तर ६ टक्के महागाईने १५ वर्षांनी त्याच घराला ९६,००० लागतील. दिरहमचा भाव वाढतो म्हणून निश्चिंत राहू नये. २००० साली दिरहमला १२ रुपयांच्या आसपास मिळत, २०२४ साली पावणेतेवीस. पण त्या काळात शाळेची फी, डॉक्टरचे बिल आणि फ्लॅटचा भाव दुपटीवर थांबले का, ते आपण जाणताच.

परत जाण्याच्या वर्षाला आणखी एक गोष्ट बांधलेली आहे. शारजात १ जानेवारी २०२५ पासून खासगी नोकरदारांना आरोग्यविमा सक्तीचा झाला. पण ती सक्ती कर्मचाऱ्यापुरती आहे, बायकामुलांपुरती नाही, आणि नोकरीबरोबर तोही संपतो. भारतातील आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. साखर किंवा रक्तदाब असलेल्याने परत गेल्यावर पॉलिसी घेतली तर ऐन गरजेच्या वर्षांत खिशातून भरावे लागेल. म्हणून तिथली पॉलिसी परतण्याच्या तीन वर्षे आधी सुरू करावी. विमा एजंट हे सांगेल, पण परतीचे वर्ष त्याला माहीत नसते. परतीचे वर्ष आपल्याला माहीत असते, पण थांबण्याचा नियम नसतो. दोन्ही एका कागदावर आले की काम होते.

या चार कागदांना पैसे पडत नाहीत. वर्षातून एकदा, व्हिसा नवा होतो त्या महिन्यात, ते पुन्हा वाचावेत. फी देऊन सल्ला घ्यावा असे प्रसंग मोजकेच : भारतातले घर विकताना, कारण अनिवासी विक्रेत्याच्या पैशातून खरेदीदाराला कर कापावा लागतो, वडिलोपार्जित वाटणी होताना, आणि परत जाण्याच्या आधीचे एक-दोन वर्ष, कारण तेव्हा खाती बदलावी लागतात आणि करातली सवलत हातची जाऊ शकते. त्या वेळी नेमका प्रश्न घेऊन जावे आणि त्याच प्रश्नाची फी द्यावी.

चिठ्ठी पाठवणाऱ्या ताईंना आमचे एवढेच सांगणे. 'आहे सगळे व्यवस्थित' हे उत्तर प्रेमाने दिलेले असते, त्यावर रागावू नये. पण पहिला कागद तुमच्या हाताने लिहून घ्या. यजमान सांगतील, तुम्ही लिहा. लिहिताना काही ठिकाणी ते थांबतील, कागद शोधायला उठतील. तिथे समजावे की आखणीला सुरुवात झाली.

पुढील अंकात : परत जाणाऱ्यांनी एन.आर.ई. ठेवींचे काय करावे आणि कर कधीपासून लागतो. प्रश्न असल्यास नेहमीप्रमाणे मंडळाच्या पेटीत चिठ्ठी टाकावी. नाव लिहिले नाही तरी चालेल.